ज्याला येत नाही त्यानं शिकवायचं

प्रशिक्षण या शब्दाचं आणि माझं कधी जमलं नाही. नोकरीची इतकी वर्षं काढली, त्यात कितीतरी प्रशिक्षणं अंगावरून गेली. बाहेरून कोणीतरी कडक इस्त्रीचा माणूस यायचा, पडद्यावर बाणांची चित्रं दाखवायचा, मध्येच सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावायचा, आणि शेवटी समोसा आणि प्रमाणपत्र. समोसा बरा असायचा. त्यामुळे आमच्या ऑफिसातली काही मंडळी दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आपलं आपण शिकायला बसतात असं कानावर आलं, तेव्हा मी म्हटलं, चला, आणखी एक खूळ.

आमची कंपनी तळवड्याला. आयटी पार्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचे मनोरे येतात. आमच्या एका अंगाला काच आहे खरी, पण दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर प्रेस धाडधाड चालू असतो आणि टेबलावरचं पाणी ग्लासात हलत राहतं. आम्ही बनवतो तेही असंच अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. चाकणच्या कारखान्यांतली यंत्रं चालू आहेत की थांबलीत, तापलीत की ठीक आहेत, हे तिथल्या साहेबांना पडद्यावर दिसावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. यंत्र निरोप पाठवतं, आमचं सॉफ्टवेअर तो वाचून दाखवतं.

पॅन्ट्रीच्या मागे एक खोली आहे. तिथं मोडक्या खुर्च्या आणि कोणालाच नको असलेला एक पांढरा फळा ठेवलेला असे. मला जेवताना बडबड चालत नाही, म्हणून मी डबा घेऊन तिथं बसायचो. एका गुरुवारी दार उघडलं तर आत माझ्याआधीच माणसं, तीच शिकणारी मंडळी, बसायला नवी जागा शोधत आलेली. 'या काका, बसा,' एक पोरगा म्हणाला. मला तोवर ऑफिसात कोणी काका म्हटलं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण भूक लागली होती, बसलो.

फळ्यापाशी लातूरकडचा एक नवा इंजिनिअर उभा होता. एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलली तर काय होतं, हे तो समजावून सांगत होता, आणि चक्क चुकीचं सांगत होता. मी घास तोंडात असतानाच बोट वर केलं. तेवढ्यात कोपऱ्यातून एका बाईनं तळहात उभा धरला, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसा. "सर, तुम्हाला हे येतंय ना? मग तुम्ही गप्प बसायचं."

ती आमच्याच कंपनीतली, तपासणी विभागातली. सगळे तिला ताई म्हणत. वयानं माझ्याहून लहान, पण त्या खोलीत तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. मूग गिळून जेवलो. फळ्यावरच्या पोरानं स्वतःचंच म्हणणं पुढे रेटलं, एका जागी अडकला, मागे आला, डोकं खाजवलं, आणि मग अचानक थांबून म्हणाला, "थांबा, हे उलटं झालंय की." ते त्याला कळलं तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला. डबा उघडा तसाच राहिला होता माझा.

तिथली पद्धत अशी होती. विषय ठरला की तो ज्याला सगळ्यात कमी कळतो, त्यानं पुढच्या गुरुवारी शिकवायचा. आठवडाभर त्यानं हवं तिथून वाचायचं, हवं त्याला विचारायचं. पण फळ्यापाशी उभं राहिल्यावर, ज्यांना येतं त्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. प्रश्न विचारायचे, उत्तर सांगायचं नाही. इशाराही नाही. सुरुवात प्रत्येकानं एकाच वाक्यानं करायची: मला हे येत नाही. आणि शिकवणाऱ्यानं त्या दिवशी डबा आणायचा नाही, त्याला बाकीच्यांनी खाऊ घालायचं. कोणाकडून मेथी, कोणाकडून सुकट, कोणाकडून पुलाव. घाबरलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी असावं, हा विचार.

घरी आईला हे सांगितलं. आमचं घराणं इथल्या जुन्या गावातलं, आईची भाषा अजून तशीच आहे. "जेवायच्या टायमाला शाळा भरवता व्हय तुमी? आन मास्तर कोन?" मी म्हटलं, ज्याला येत नाही तो. "मंग सोपं हाय," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीत मास्तरांची टंचाई न्हाई पडायची."

ही पद्धत ताईनं आणली होती, आणि तिनं ती वडिलांकडून घेतली होती. वडील पिंपरीच्या कारखान्यात कामगार. पहिली शिफ्ट करून आले की वस्तीतल्या विहारात अभ्यासिका भरायची तिथं जाऊन बसायचे आणि लेकीला म्हणायचे, आज शाळेत काय शिकलीस ते मला शिकव. त्यांचं स्वतःचं शिक्षण थोडकंच. पण ऐकताना मान डोलवून सोडून द्यायचे नाहीत. कळलं नाही की सरळ सांगायचे, कळलं नाही, परत सांग. अपूर्णांकांचा भागाकार त्यांना समजावताना तिला पहिल्यांदा कळला, असं ती सांगायची. हळूहळू दुसरे बापही आपापल्या पोरांसमोर बसू लागले. दिवसभर यंत्रांपुढे उभी राहिलेली माणसं संध्याकाळी आपल्या पोरांपुढे मांडी घालून बसलेली. मला हे ऐकतानाच गलबलून आलं होतं, आणि मी काही लगेच गलबलणारा माणूस नाही.

मग मी दर गुरुवारी जाऊ लागलो. अधूनमधून मनुष्यबळ विभागाला आमचा पत्ता लागायचा. एकदा त्यांनी आम्हाला टोप्या द्यायचं ठरवलं, एकदा भिंतीवर फलक लावला. आम्ही फलकाचा टेबलावर टाकायला उपयोग केला, डाग पडत नाहीत. खोलीत जे घडायचं त्याला टोपी कशाला लागते? एखाद्या माणसाला एखादी गोष्ट कळत नसते, नसते, आणि मग कळते. मधे काय होतं ते कोणाला दिसत नाही. पण ते होताना मी तिथं जितक्यांदा पाहिलं तितक्यांदा आयुष्यात कुठे पाहिलं नव्हतं. पोरं माझी चेष्टा करायची, काका सिनेमाला आल्यासारखे बसतात म्हणून. बसायचोच.

ताईचं काम हातानं तपासण्याचं होतं. सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी ती एकेक पडदा उघडून, एकेक बटण दाबून बघायची की जे व्हायला हवं ते होतंय का. कित्येक वर्षं तिनं ते केलं आणि तिच्या नजरेतून सुटलेली चूक विरळाच. पण एका सकाळी सगळ्या तपासनिसांना बोलावून सांगण्यात आलं की हातानं तपासणं आता बंद. तपासणीचे प्रोग्रॅम लिहायचे, बटणं तेच दाबतील. त्यासाठी एक नवीन, लहान गट होणार, त्यात मुलाखतीनं निवड होणार, आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांना तिमाही संपताना निरोप.

ती त्या दुपारी माझ्या टेबलाशी आली. मुलगी बारावीत, नवऱ्याची नोकरी ठेक्यावरची, वडील आता थकलेले आणि तिच्याकडेच राहणारे. हे तिनं एका दमात सांगितलं, रडगाणं म्हणून नाही, हिशेब मांडावा तसं. मग म्हणाली, "मला ही नोकरी हवी आहे, सर. उगाच गोड बोलू नका. कच्चं काय आहे तेवढं सांगा." मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहिणं कच्चं आहे. ती म्हणाली, बरं. आणि पुढचे कित्येक गुरुवार तिनं फळा सोडला नाही. दर वेळी सगळ्यात कमी येणारी तीच असायची, त्यामुळे नियमानंही काही अडचण नव्हती. आम्ही डब्यात तिच्यासाठी जास्तीचं आणायचो. ती चुकायची, पुसायची, परत लिहायची, आणि आम्ही, ज्यांना येत होतं ते, तोंडं मिटून बसायचो. लातूरकर तर एकदा तोंडावर हात दाबून धरून बसला होता. "मला बोलल्याशिवाय राहवंना झालंय ताई," तो म्हणाला, तर ती म्हणाली, भाकरीचा मोठा घास घे.

मुलाखत घेणारे दोघं दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात, पडद्यावरून बोलणार होते. इथं मीटिंगच्या खोलीत कोणीतरी असावं म्हणून मला बसायला सांगितलं. मी आधीच कळवलं की मी तिच्या गुरुवारच्या गटातला आहे. तेव्हा ठरलं, तुम्ही फक्त कॅमेरा सांभाळा, गुण देऊ नका, बोलू नका. म्हणजे पुन्हा तेच.

पडद्यावरच्या बाईंनी आधी साधे प्रश्न विचारले, ताईनं ठीक उत्तरं दिली. मग त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी खरा प्रश्न काढला. एक यंत्र थांबलं आणि लगेच परत चालू झालं. त्यानं दोन निरोप पाठवले, आधी 'थांबलं' आणि मग 'चालू झालं'. पण वाटेत दुसरा निरोप पुढे निघाला आणि पहिला मागून पोहोचला. आता यंत्र चालू आहे आणि पडद्यावर मात्र थांबलेलं दिसतंय. हे रोज होत नाही, कधीतरीच होतं. तुमचा प्रोग्रॅम ही चूक कशी पकडेल, आणि ती दुरुस्त कशी करायची?

उत्तर मला कित्येक वर्षं माहीत होतं. या धंद्यात ते जुनंच आहे. पण तिनं ते कधी ऐकलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं.

"मला हे येत नाही," ती म्हणाली आणि उठून फळ्यापाशी गेली.

मुलाखतीत हे वाक्य म्हटलं की गोष्ट संपते. आमच्याकडे याच वाक्यानं सुरू होते. पडद्यावरच्या दोघांना वाटलं ही आता निघाली, बाईंनी पुढचा कागदही ओढला. मी घाईघाईनं कॅमेरा फळ्याकडे वळवला. तिनं एक चौकोन काढला, म्हणाली, समजा हे यंत्र. आणि त्या दोघांना ती न येणारी गोष्ट शिकवायला लागली.

आधी ती म्हणाली, जो निरोप आधी पोहोचला तो आधीचा मानू. मग स्वतःच म्हणाली, नाही, तीच तर चूक आहे, आणि पुसलं. मग म्हणाली, यंत्रानं निरोपावर आपली वेळ लिहून पाठवावी. आता गृहस्थ पुढे सरकून बसले होते. पण मी चाकणला एका कारखान्यात गेले होते, तिनं सांगितलं, तिथं शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर दोन वेगवेगळ्या वेळा होत्या, आणि वीज गेली की एकाचं घड्याळ मागे पडायचं. मग वेळही पुसली. फळ्यावर आता फक्त चौकोन आणि दोन बाण उरले होते. ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मी कोणाला इतकं पूर्णपणे विचार करताना पाहिलेलं नाही. नोकरी, पडदा, मी, सगळं तिच्या लेखी खोलीबाहेर गेलं होतं.

पडद्यावरचे गृहस्थ भले होते. त्यांनी गळा साफ केला आणि म्हणाले, मी थोडी मदत करतो, समजा प्रत्येक निरोपाला आपण एक...

ताईनं न वळताच तळहात उभा धरला. "सांगू नका, प्लीज. सापडेल."

मुलाखतीत इशारा देतात तो घ्यायचा असतो. तो घेऊन पुढे जाता येतं का, हेच तर ते बघत असतात. तिला एवढंच ऐकून घ्यायचं होतं, पुढचं तिनं चुटकीसरशी केलं असतं. पण गुरुवारची सवय तिच्या हाडीमासी खिळली होती. मी ओरडून सांगावं असं वाटलं, ऐक गं बाई त्यांचं. आणि त्याच वेळी तिच्याकडे बघताना अंगावर काटाही आला होता. दोन्ही खरं आहे. गृहस्थ मागे रेलून बसले. काही वेळानं बाईंनी सांगितलं की वेळ संपली.

जिन्यात तिच्या लक्षात आलं. "सर, मी त्यांना गप्प केलं का हो?" मी म्हटलं, केलंस. तिनं कपाळावर हात मारला आणि हसली. म्हणाली, जित्याची खोड. मला वाटलं आता ती विचारेल की काही आशा आहे का. पण दोन पायऱ्या उतरून ती परत थांबली आणि म्हणाली, उत्तर तुम्हाला माहीत असणार, पण सांगू नका.

पुढच्या गुरुवारी ती डबा न आणता आली. म्हणजे आज तीच शिकवणार. विषयही तोच, राहिलेला प्रश्न. लातूरकरानं शेंगदाण्याची चटणी आणली होती, कोणीतरी अळूची भाजी. ती व्यवस्थित जेवली, चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुवून फळ्यापाशी गेली आणि म्हणाली, मला हे येत नव्हतं.

तिनं कागद फाडून चिठ्ठ्या केल्या, एकीवर 'थांबलं', एकीवर 'चालू', पुन्हा 'थांबलं', पुन्हा 'चालू'. त्या आमच्यात वाटल्या. लातूरकराला दारात सॉफ्टवेअर म्हणून उभं केलं, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र केलं. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यामधून मंडळी वाटेल तशी चालत गेली, कोणी रमतगमत, कोणी पळत, आणि लातूरकराच्या हातात सगळा गोंधळ जमा झाला. ताईनं त्याला विचारलं, यंत्र चालू आहे का? तो म्हणाला, देवाला माहीत.

मग तिनं चिठ्ठ्या परत घेतल्या आणि प्रत्येकीवर एक आकडा टाकला. दवाखान्यात नंबर देतात तसं, ती म्हणाली. तिथं घड्याळ कोणी बघत नाही, नंबर बघतात. कोणी मागून आला तरी त्याचा नंबर पहिला असेल तर तो पहिलाच. पुन्हा मंडळी चालली, मुद्दाम उलटसुलट. लातूरकरानं चिठ्ठ्या आकड्यांप्रमाणे लावल्या आणि म्हणाला, चालू. आणि मी, म्हणजे यंत्र, चालूच होतो. खोलीत टाळ्या पडल्या, कोणी वाजवायला न लावता.

"आणि पकडायची कशी, तर अशी," ती म्हणाली. "जी चूक कधीतरी होते तिची वाट बघत बसायचं नाही. ती आपणच मुद्दाम करायची, रोज करायची, आणि बघायचं."

मला ते उत्तर कोणे एके काळी कोणीतरी सांगितलं होतं. मी ते ऐकून ठेवलं होतं आणि वापरत आलो होतो, नळाचं पाणी वापरावं तसं. तिनं ते खणून काढलं होतं. घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही इथपासून दवाखान्यातल्या नंबरापर्यंत ती कोणाचं बोट न धरता चालत आली होती. ज्या कोणा माणसानं ही गोष्ट जगात पहिल्यांदा शोधली असेल, त्यालाही ती अशीच सापडली असणार, असं मला त्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत वाटलं. मी भारावून गेलो होतो, दुसरा शब्द नाही.

लातूरकरानं विचारलं, एखादा नंबर आलाच नाही तर मी दारात किती वेळ थांबायचं? ती म्हणाली, ते मला अजून येत नाही. हशा झाला. सुट्टी संपत आली होती, मंडळी डबे विसळायला गेली. ती जमिनीवरच्या चिठ्ठ्या गोळा करत होती, मी फळा पुसत होतो. सहज विचारलं, निकाल कधी कळवणार म्हणाले ते?

"सकाळीच मेल आला, सर. नाही झालं."

सकाळपासून तिला हे माहीत होतं. हे माहीत असताना ती जेवली होती, चिठ्ठ्या फाडल्या होत्या, आम्हाला खोलीभर पळवलं होतं. मी तिला विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस?

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसला असतात," ती म्हणाली. "फळ्याकडे कोणीच बघितलं नसतं."